चांगुणाबाईंचा धवला

शेलार गावच्या चांगुणाबाई धवलारीण. आगरी लग्नातले विधी धवले गात पार पाडायचे, हे त्यांचं काम. ही गाणी त्या सासूजवळ बसून शिकल्या. एके काळी वडप्यापासून कशेळीपर्यंत त्यांच्या आवाजाशिवाय मांडवाला शोभा येत नसे. पुढे हळदीला डीजे आला आणि त्यांना बोलावणं येईनासं झालं. आपल्याबरोबर हे सगळं संपणार, हा सल त्यांच्या मनात घर करून राहिला.

गेल्या वैशाखात वडप्याची विनिता दारात आली. गोदामात सुपरवायझर असलेली ही मुलगी म्हणाली, "आजी, माझ्या हळदीला तुम्हीच गायचं."

"मना आता न्हाय जमाचा, बाय. गला गेला."

"जमेल तसं गा. आईच्या हळदीला तुम्हीच होतात ना?"

हळदीला डीजे बंद ठेवला. चांगुणाबाईंनी देवांना मांडवात बोलावणारा धवला धरला. गावदेवी झाली, खाडीतला देव झाला आणि पुढची ओळच आठवेना. त्यांनी खाडीतल्या देवाची ओळ पुन्हा म्हणून पाहिली. तेवढ्यात मागून विनिताच्या आईनं ती ओळ उचलली, बेसूर पण बिनचूक. तिच्यामागून मावशी, आत्या, शेजारणी गाऊ लागल्या.

"तुमाला येतंय गो ह्या?" चांगुणाबाई थक्क झाल्या.

"तुमच्याच तोंडून ऐकलंय ना, काकी!" विनिताची आई म्हणाली.

चांगुणाबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मंग तोंडातल्या तोंडात काय गाताव? मोठ्यानं गा!" असं दटावून त्यांनी वरचा सूर लावला.