हौसाबाईंनी न मारलेली हाक

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आणि बहुतेकांवर हसते. पिंपळ, पांढरी साडी, घाटात लिफ्ट मागणारी बाई... असलं काही मला कधी पटलं नाही आणि आजही पटत नाही. माझ्या वडिलांचा सांगलीत छोटा छापखाना होता. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर — संपाची, मोर्चाची, बुवाबाजीविरुद्धची. शाळेत असतानाच स्वतः एक लिहून एसटी स्टँडवर वाटलं होतं. तेव्हा मला भोळी समजून पुढचं वाचू नका.

आणखी एक. आम्ही ख्रिस्ती. हे कळलं की काही जण लगेच विचारतात, "कधी बाटलात?" त्यांच्यासाठी सांगते — माझ्या पणजीची कबर साताऱ्यात आहे, तिच्या आईचीही तिथंच. विषय संपला. मी स्वतः चर्चला जात नाही, कुठल्याच देवाला मानत नाही. पण माझ्या आत्याच्या विश्वासाची कुणी टिंगल केली तर त्याची गाठ माझ्याशी आहे.

माझी आत्या, करुणा. मेढ्यात सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिथूनच रिटायर झाली. अख्खं मेढा तिला 'शिस्टर' म्हणतं. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर. गल्लीत ख्रिस्ती घर एवढंच, त्यामुळे रविवारी उपासनेला एसटीनं साताऱ्याला जायचं.

मग तीन गोष्टी पाठोपाठ झाल्या. मामा — म्हणजे आत्याचे यजमान — गेले. त्यानंतर आत्याचे कान गेले, दोन्ही. सांगलीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता काही उरलेलं नाही, मशीन लावलं तर नुसती घरघर येईल. तशीच आली. आणि तिचा मुलगा, माझा सुनीलदादा, तिला सांगलीला फ्लॅटवर घेऊन आला.

दादा वाईट माणूस नाही. आईला त्यानं स्वतंत्र खोली दिली, टीव्ही दिला. पण चौथ्या मजल्यावर, ओळखीचं एक माणूस नाही, आणि ऐकू येत नाही म्हणून कुणी बोलतही नाही. जन्मभर लोकांची बाळंतपणं केलेल्या बाईला सगळे सामानासारखं जपून ठेवत होते.

मी जायचे. समोर बसून नीट ओठ हलवले की तिला कळतं. पहाटे उठून ती प्रार्थनेला बसायची, तेव्हा मला राग यायचा. एकदा बोललेच.

"एवढी रोज विनवणी करतेस, मग तुझा देव कान का देत नाही?"

"मी कान मागितलेच नाहीत."

"मग काय मागतेस?"

"बळ. ते देतोय. तुझ्या दादाशी भांडायला लागणार आहे ना."

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती एकटी एसटीत बसून मेढ्याला निघून गेली. उंब्रजला गाडी थांबली तेव्हा मेसेज केला — 'रिटायर झाले आहे, निकामी नाही.' हा मेसेज मी अजून जपून ठेवलाय.

दादा हादरला. बहिरी म्हातारी, एकटी घरात. गॅस चालू राहिला तर? कुणी दार वाजवलं तर? त्यानं घराला गिऱ्हाईक बघितलं आणि आईला कायमचं आणायला निघाला. आत्या माझं ऐकते म्हणून मलाही गाडीत घातलं. मी गेले ते तिच्या बाजूनं भांडायला. पण तिथं पोचल्यावर त्याचा चेहरा बघितला... तो रडायच्या बेतात होता. "आई, तू इथं पडलीस तर कुणाला हाक मारशील? आणि कुणी हाक मारली तर तुला काय कळणार?" आत्या त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चल. तुझा जीव थाऱ्यावर राहील तरी." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला माघार घेताना बघितलं.

सामान गाडीत गेलं. कानाचं मशीनही सामानाच्या बॅगेत, गाडीच्या डिकीत. हे लक्षात ठेवा.

आमच्यात प्रवासाला निघताना दारात उभं राहून प्रार्थना करायची रीत आहे. सगळ्यांनी हात धरायचे, डोळे मिटायचे, आणि आमेन होईपर्यंत कुणी हलायचं नाही. लहानपणी डोळे किलकिले केले म्हणून आत्यानं मला चिमटे काढलेत. कान गेल्यापासून त्यात एक भर पडली होती. आमेन तिला ऐकू येत नाही, म्हणून शेजारच्यानं तिचा हात दाबायचा. मग ती मोठ्यानं आमेन म्हणणार.

त्या दिवशी दादा प्रार्थना करत होता. आत्याचा हात माझ्या हातात. दुपारची वेळ, समोरची पिठाची गिरणी धडधडत होती, दादाचं बोलणंही मला धड ऐकू येत नव्हतं. माझे डोळे उघडे होते. मोठी झाल्यापासून मी ते मिटत नाही, तत्त्व म्हणून. त्यामुळे पुढचं बघणारी मी एकटीच.

प्रार्थना निम्म्यावर होती. मी हात दाबला नव्हता. आत्यानं मान वळवली — कुणी मागून हाक मारल्यावर वळवतो तशी. डोळे उघडले. "आले, आले," म्हणाली, हात सोडवून घेतला आणि चपला न घालता मागच्या दारानं बाहेर पडली.

"आई, आमेन व्हायचंय," दादा मागून ओरडला. कुणाला ओरडत होता कोण जाणे.

आम्ही धावलो. ती तीन घरं सोडून हौसाबाईंच्या परड्यात शिरली. हौसाबाई म्हणजे आत्याच्याच वयाच्या, मुलगा मिलिटरीत, सून-नातवंडं साताऱ्याला, घरात एकट्या. परड्याच्या कोपऱ्यात पत्र्याच्या दाराची न्हाणी. आत्या त्या दारावर थापा मारत होती. आतून कडी होती. दादानं लाथ घालून दार पाडलं.

हौसाबाई आत पडलेल्या. खुब्याचं हाड मोडलेलं, ओठ पांढरे.

"हलवू नका. फळी आण, सुनील. आणि तू, तिच्या अंगावर चादर घाल." आत्याचा तो आवाज मी लहानपणी दवाखान्यात ऐकला होता. फळी आली, अँब्युलन्स आली. जायचं राहिलंच.

ऑपरेशननंतर साताऱ्याला हौसाबाईंना भेटायला गेलो. मी विचारलं, "मावशी, किती वेळ हाका मारत होतात?"

"हाका? न्हाई बाई. पडल्याबरुबर दातखीळच बसली. त्वांडातनं आवाजच फुटंना. नुस्तं मनात म्हणलं, शिस्टर, या की वं."

दादा खुर्चीत खाली बसला.

हौसाबाई आत्याकडं वळून म्हणाल्या, "आवं शिस्टर, त्या भैऱ्या कानास्नी बरं ऐकू गेलं वो."

ओठ वाचून आत्या हसली. "तुझा आवाजच तसला. फाटका."

मी गप्प बसले नाही. सगळं तपासलं. जमिनीतून हादरा आला असेल? तीन घरं लांबून, आणि गिरणीनं आधीच सगळी जमीन हादरत होती. सकाळपासून हौसाबाई दिसल्या नाहीत म्हणून शंका आली असेल? निघायच्या जरा आधीच त्या निरोपाची भाकरी देऊन गेल्या होत्या. आत्याला विचारलं. ती एवढंच म्हणते, "हौसाचा आवाज होता. शिस्टर म्हणाली. कान जायच्या आधी ऐकायचे तसाच, स्पष्ट."

ऐकू आलं ते तेवढंच. त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेतलं — कान जसे होते तसे, ठार.

मग दोन्हीकडून माणसं आली. चर्चमधल्या काहींना साक्ष छापायची होती, 'बहिरीला ऐकू आलं' म्हणून. माझ्या चळवळीतल्या मित्रांना उलटं पत्रक हवं होतं — योगायोग, आणि वर माझं नाव. आत्यानं दोघांनाही चहा दिला आणि परत पाठवलं. "मी बहिरीच आहे. खोटं कशाला छापता?" चर्चवाल्यांना एवढंच. माझ्या मित्रांना म्हणाली, "आणि ऐकू आलं म्हणून मी विश्वास ठेवला असंही लिहू नका. यजमान गेले, कान गेले, तेव्हा कोण उभं होतं ते मला माहीत आहे. हे त्याच्या नंतरचं."

घर विकलं नाही. दादानं गिऱ्हाईकाला स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. डिकीतनं बॅगा काढून आत नेऊन ठेवल्या. आता हौसाबाई वॉकर घेऊन चालतात आणि दुपारी आत्याकडेच असतात.

परवा गेले होते. विचारलं, "त्यानंतर पुन्हा कधी काही ऐकू आलं?"

"नाही."

"वाईट नाही वाटत?"

"ड्युटी होती, बोलावणं आलं. झालं."

मी याला चमत्कार म्हणणार नाही. आणि योगायोग म्हणून झटकणारही नाही, कारण तो हात माझ्या हातातून सुटला होता. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, एवढं उघडपणे लिहिते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी मेढ्याला जावं आणि तिच्यासमोर बसून तिला सांगावं. फक्त ओठ नीट हलवून बोला. तिला ऐकू येत नाही.