दाराआडची टिपरी

केवळरामभाऊ म्हणजे आमच्या दंडारीतला, गावच्या नाचाच्या फडातला, टिपरीचा गडी. आंधळगावकडच्या आमच्या खेड्यात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरली की तो आणि त्याचा धाकटा भाऊ सेवकराम समोरासमोर उभे राहायचे आणि मी ढोलकीवर थाप मारायचो. ती चाल दोघांना बापानं शिकवलेली. एकाची टिपरी वरून आली की दुसऱ्याची खालून, एक बसला की दुसऱ्यानं गिरकी घ्यायची. बाप भारी कडक. ज्याला जी बाजू दिली ती त्यानं जन्मभर सांभाळायची. जरा बदल केला की पाठीत टिपरी बसायची.

एकोणऐंशीच्या पावसाळ्यात धानाच्या बांधीत चिखल करताना सेवकरामला साप चावला. भंडाऱ्याला नेताना वाटेतच गेला. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती.

मंडई जवळ आली तेव्हा केवळरामभाऊनं दंडारीतल्याच सुखरामला भावाच्या जागी उभं केलं आणि त्याच्या लक्षात आलं, भावाची बाजू आपल्याला येतच नाही. जन्मभर नुसती समोरून बघितलेली!

"इकडून ये ना बे," तो ओरडायचा.

"इकडून म्हंजे कुठून?" सुखराम विचारायचा.

केवळरामभाऊचा हात आपसूक वर जायचा, टिपरी हवेतच राहायची. मी वैतागून म्हटलं, "काही दुसरं बसव ना भाऊ." तो मटकन खाली बसला.

"माहा हात बराबर जाते रे. पण त्याचा हात कुठून येत होता, हे सांगता नाही येत मले. सेवक पुरा गेला आता." आणि एवढा दांडगा माणूस अंगणात हुंदके देऊन रडला.

घरात सेवकरामची बायको बेबीबाई ऐकत होती. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, यायचं नाही की बोलायचं नाही. ती सासूला म्हणाली, पण आम्हाला ऐकू येईल अशा बेतानं, "आत्याबाई, त्यायले सांगा, ह्यायची चाल मले येते. घरी माह्यासंगच घोटत होते."

"चूप बस," सासू चंद्रभागाबाई म्हणाली. पण केवळरामभाऊ उठला, स्वतः दार ओढून घेतलं आणि बंद दारासमोर उभा राहिला. "वाजव," मला म्हणाला.

मी वाजवलं. त्याची टिपरी दारावर पडली आणि तिच्या मागोमाग आतून दुसरी. सेवकरामच्या टिपऱ्या तिच्याचपाशी होत्या. तो मारायचा तशीच पडली, जराशी रेंगाळून. फळीच्या अलीकडे केवळरामभाऊ, पलीकडे ती. वरून, खालून, गिरकीनंतर पार उंबऱ्यालगत. माझ्या डोळ्यांना धार लागली, पण हात थांबवायची छाती झाली नाही.

पण गाव ते गावच. विहिरीवर कुजबुज सुरू झाली, भासऱ्यासंग नाचते म्हणे. आग लागो असल्या तोंडांना! चंद्रभागाबाई घाबरली. "लोकं काय म्हणतीन" करत तिनं शहापूरहून बेबीबाईच्या भावाला बोलावलं आणि मंडईआधीच सुनेला माहेरी धाडलं. ती निघताना केवळरामभाऊ तिला एक शब्द बोलू शकला नाही. बोलायची रीतच नव्हती ना. या रीतीचा मला आजही संताप येतो.

त्या वर्षी तो मंडईत नाचला नाही, पुढेही नाही. मात्र दर मंडईला मला घरी बोलवायचा आणि बंद दारासमोर आपली बाजू पुरी करायचा. आतून काही यायचं नाही. तिच्या ठोक्यापुरता तो थांबायचा, मग पुढे जायचा.

चौऱ्याऐंशीच्या मंडईला असाच थांबला होता आणि आतून ठोका आला. मी दचकलो. टिपरीचा नव्हता, लाटण्याचा होता, आणि चुकीच्या जागी. घरात चंद्रभागाबाईशिवाय कोणी नव्हतं.

केवळरामभाऊचा हात वरच राहिला. आतून आणखी एक ठोका, तोही चुकलेला. मला वाटलं, आता हा टिपऱ्या फेकून देणार. पण बापानं पाठीत मारून मारून बसवलेली चाल त्यानं मोडली, पाय बदलला आणि माय मारेल तिथं टिपरी नेऊ लागला.

माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हळू वाजव. बुढीले जमत नाही."