डाव्या हाताचा कब्जा

"उचल! उचल तुझ्या बापाचा हात माझ्या बाजंवरून, न्हाई तर तोडून देतो तुझ्या हातात!"

माझ्यावर ओरडत होते आमचे आबा, म्हणजे माझे थोरले चुलते. उजव्या मुठीत पितळेचा तांब्या होता आणि त्या तांब्याने ते डाव्या मनगटावर असे दणके घालत होते, की तांब्यालाच पोचे पडले. तो आवाज थेट वाटूरच्या फाट्यापर्यंत गेला. तिथं उभ्या एसटीच्या ड्रायव्हरने टायर फुटला समजून खाली उतरून चारी चाकं तपासली, हे मी शपथेवर सांगतो. शपथ मी कशाचीही घेतो, ते सोडा. पण मनगट खरंच काळंनिळं झालं होतं. आणि ते मनगट आबांचंच होतं, खांद्यापासून नखापर्यंत त्यांचंच. फक्त आबांना ते मान्य नव्हतं.

मी तांब्या हिसकावला, तर "तू बी त्याच्याच पार्टीचा!" म्हणत त्यांनी उजवं कोपर माझ्या बरगडीत घातलं. अर्धं अंग गेलेल्या माणसाचं कोपर ते. पूर्ण माणसाचं असतं तर मी आज हे लिहायला नसतो.

पंधरा दिवसांपूर्वी मोसंबीच्या बागेत पाणी धरताना आबा कोसळले होते. जालन्याच्या दवाखान्यात जीव वाचला, पण डावी बाजू गेली. घरी आणून बाजेवर टाकलं, तेव्हा त्यांनी पांघरुणाखाली चाचपलं आणि मोठीआईला, म्हणजे माझ्या चुलतीला विचारलं, "हे काय पडलंय हितं?"

"हात हाये तुमचा."

"माझा हात मला वळखू येत न्हाई व्हय? हा त्याचा हाये. घुसला माझ्या बाजंवर."

"त्याचा" म्हणजे माझ्या वडिलांचा. सख्ख्या धाकट्या भावाचा.

आता हे "घुसला" कुठून आलं ते सांगितलं पाहिजे. दोघा भावांच्या शेतांत एक बांध. आजोबांच्या काळात त्यावरून बैलगाडी जायची. मग दरसाली नांगराचं एक तास इकडून यांनी कोरलं, एक तास तिकडून त्यांनी, आणि बांध इतका बारीक झाला की त्यावर मुंग्यासुद्धा आडव्या होऊन चालत. अठरा वर्षांपूर्वी त्यावर कुदळीचे दांडे चालले. आबांनी वडिलांचे दोन दात पाडले, वडिलांनी आबांचं डोकं फोडलं. नऊ टाके. रक्ताने माखलेले दोघं मधे पडलेल्या माझ्या आजीला ओलांडून पुन्हा एकमेकांवर धावले, हे मात्र मी वाढवून सांगत नाही. तेव्हापासून दोन दारांत तीस पावलांचं अंतर असून वडील ती तीस पावलं कधी चालले नाहीत.

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, की आबांना वेड लागलं का. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण बाई स्पष्ट. म्हणाल्या, "वेड नाही. हात आपला आहे हे मेंदू दर क्षणाला नव्याने ठरवत असतो. डोळ्यांना दिसतं, कातडीला कळतं, सांध्यांकडून खबर येते. या तिन्हींचं जुळलं की 'माझा' असं वाटतं. ते जुळवणारी उजव्या मेंदूची जागा त्यांची गेलीय. हात दिसतो, पण 'माझा' वाटत नाही. मग मेंदू काहीतरी कारण रचतो, आणि ते त्यांना शंभर टक्के खरं वाटतं."

बाईंनी हे दोन मिनिटांत सांगितलं, मी पारावर दोन तास सांगितलं. म्हणालो, मंडळी, प्रत्येकाच्या कवटीत एक तलाठी बसतो. त्याच्याकडे तीन साक्षीदार: डोळा, कातडी आणि सांधा. क्षणाक्षणाला पंचनामा. तिघांनी होकार दिला की सातबाऱ्यावर तुमचं नाव. आपल्याला वाटतं अंग बापजाद्यांचं, पक्कं! काही पक्कं नाही. आबांचा तलाठी गेला, साक्षीदार पांगले, आणि एक अख्खा हात बिनमालकी पडला. अन् बिनमालकी तुकडा दिसला की आपल्याकडे पहिला संशय कुणावर जातो? सगळा पार एका आवाजात म्हणाला, "बांधशेजाऱ्यावर!"

हसले सगळे. पण तिकडे आबा त्या हाताला जिवंत ठेवीनात. चावले. मोठीआईने फडक्यात गुंडाळला, तर आबांनी फडकं सोडून करंगळी अडकित्त्यात धरली आणि सुपारीसारखी दाबली. नख उभं फाटलं. कर्रकन आवाज आला म्हणे. आबांच्या तोंडावर वेदनेची एक रेघ नाही. उलट विजयी मुद्रेने म्हणाले, "बघ, कसा वरडला न्हाई. पहिल्यापासून बेरडच हाये तो."

मधे एक चमत्कारही झाला. दाढी करायला न्हावी आला. त्याने आरसा धरला, आणि आबा आरशात बघून म्हणाले, "डावा हात सुजलाय जरा माझा." माझा! मोठीआईच्या हातातलं गरम पाणी सांडलं. न्हाव्याने आरसा खाली केला, आबांनी मान खाली केली, आणि "हा? हा त्याचा." आरसा वर, माझा, आरसा खाली, त्याचा. मी लगेच कपाटाचा आरसा काढून बाजेसमोर टांगला. दोन दिवस घरात शांतता होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी आरशातून नजर काढून खाली बघितलं आणि "आरसा बी त्याच्याच पार्टीचा!" म्हणत पाण्याची लोटी अशी भिरकावली, की आरशाचे तुकडे चुलीपर्यंत गेले.

"दादा, आता तुम्ही चला," मी वडिलांना म्हणालो. "ते म्हणतेत, हात घेऊन जा."

"ठेव म्हनाव. माझ्याकडं दोन हायेत."

"हसण्यावारी नेऊ नका. मोठीआईनं घरातलं पातं न् पातं लपवलंय. हात तोडला तर जीव जाईल त्यांचा."

वडील चहा अर्धा ठेवून उठले, टोपी घातली आणि ती तीस पावलं चालले. भर दुपारी. गल्लीतली कुत्री बाजूला झाली.

"आला?" आबा बाजेवरून म्हणाले. "ने तुझा हात."

वडिलांनी दोन्ही पंजे त्यांच्या तोंडापुढे धरले. "हे बघ. मोज."

"एक. दोन." मग हनुवटीने खाली दाखवून, "आन् हा तिसरा."

"मानसाला तीन हात असतेत व्हय रं?"

"तुला असतीन. दोन हातानं एवढा बांध कुनी कोरला न्हाई."

मला हसू फुटलं. वडिलांच्या मिशीखालीही काहीतरी हललं, आणि तेवढ्यात आबांचा उजवा हात मागे दाराच्या चौकटीकडे गेला. मोठीआईने सगळी पाती लपवली होती. चौकटीच्या फटीत खोचलेला वैरणीचा विळा तिच्या ध्यानात राहिला नव्हता. बाज तिनेच वाऱ्यासाठी दाराशी ओढली होती.

विळा वर गेलेला मी पाहिला. मी चार हातांवर होतो, आणि माझ्यासारखा बोलका माणूस त्या वेळी नुसता उभा राहिला. वडील मात्र वाकले आणि त्यांनी आपला पंजा आबांच्या त्या निर्जीव मनगटावर झाकण घातल्यासारखा ठेवला.

घाव पंजाच्या पाठीवर बसला. ओलं लाकूड फोडताना येतो तसा आवाज. पांढरं दिसलं, मग लाल, मग गोधडी, भिंत, वडिलांची टोपी. मोठीआईची किंकाळी. मी झडप घालून विळा पकडला, माझंही बोट कापलं. आबांच्या उजव्या हातात मात्र आता जोर नव्हता. ते एकावर एक पडलेल्या त्या दोन हातांकडे बघत राहिले.

"लागलं का रं?"

वडील दात खाऊन होते.

"बोटं हालव."

वडिलांनी बोटं हलवली. चार हलली, एक नाही.

"आगं, फडकं आन जल्दी!" आबा ओरडले, पूर्वीपेक्षाही मोठ्याने. "ह्याचा हात तुटला, हिकडं बघ!" आणि फडकं येईपर्यंत त्यांनी स्वतःच्या धोतराचा सोगा उजव्या हाताने वडिलांच्या जखमेवर दाबून धरला. खाली दबलेल्या आपल्या मनगटाकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

जालन्याला पोचेपर्यंत गाडीची सीट भिजली होती. टाके घालणारा डॉक्टर जखम उघडून बराच वेळ बघत राहिला. मग हातातली सुई ठेवून म्हणाला, "हे धारदार हत्याराचं आहे. कुणी मारलं असेल तर मला पोलिसांना कळवावं लागेल. कुठं झालं?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात वडिलांनी धडधाकट हाताने माझा गुडघा दाबला.

"आमच्याच घरात," ते म्हणाले. "वैरण कापताना."