वहिनी, हात काळे होतील

मी भांडखोर आहे असं आमच्या सोसायटीत बोललं जातं. खरं आहे ते. भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांशी माझं एकदा तरी वाजलेलं आहे आणि त्यातल्या एकाही भांडणाची मला लाज वाटत नाही. पण स्कूटरच्या ब्रेकवरून झालेलं भांडण मी सगळ्यांत वरचं मानते, कारण त्या स्कूटरवर माझी मुलगी बसणार होती.

तिला उल्हासनगरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. माझी जुनी स्कूटर तिनं न्यायची आणि सोमवारपासून बदलापूरहून एकटीनं जायचं, असं ठरलं. गाडीत बाकी काही खोट नव्हती, फक्त मागचा ब्रेक लागत नव्हता. दांडा पार मुठीला टेकेपर्यंत दाबावा, तेव्हा कुठे गाडी थांबायचा विचार करायची.

"उल्हासनगरात नेऊ नकोस, तिकडे सगळा डुप्लिकेट माल," नवरा म्हणाला. "अंबरनाथला आपला माणूस आहे की."

आपला माणूस म्हणजे नवऱ्याच्या कोकणातल्या गावचा, पलीकडच्या वाडीतला. एमआयडीसीच्या रस्त्याला त्याचं गॅरेज. गणपतीला आम्ही एकाच बसने गावी जातो. नवऱ्याच्या नात्याने तो मला वहिनी म्हणतो. आमच्याकडे माणूस गावचा निघाला की पुढची चौकशी कोणी करत नाही. मीही केली नाही.

संध्याकाळी गाडी आणायला गेले तर त्याने लोखंडाचे दोन अर्धगोल तुकडे माझ्यापुढे धरले. चाकाच्या आत दाबले जातात ते ब्रेकचे लायनर. पार झिजलेले.

"बघा वहिनी, काय अवस्था झाली होती. नवीन टाकले, एकदम ओरिजिनल. आता बिनधास्त चालवा."

मी हात पुढे केला. "द्या."

"काय?"

"हे जुने. माझेच ना?"

तो हसला. "काय करणार घेऊन? हात काळे होतील, वहिनी."

माझं माहेर चामटोलीचं, शेतीवाडीचं. तिथे कोयत्याची मोडकी मूठसुद्धा कोणी बाहेर टाकून येत नाही. वस्तू घरी आणायची, मग फेकायची की ठेवायची ते आपलं आपण ठरवायचं. तोच माझा हट्ट. मिक्सर दुरुस्तीला दिला तरी जुना भाग मी मागून आणते. त्याने भिंतीवरच्या खिळ्याकडे एकदा बघितलं, मग नाइलाजाने तुकडे दिले. मी ते रुमालात बांधून डिकीत टाकले.

पहिले दोन दिवस ब्रेक छान लागला. वायर कसून आवळली की कोणताही ब्रेक दोन दिवस छान लागतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिसऱ्या दिवशी उड्डाणपुलाच्या उतारावर पुढे एक रिक्षा अचानक थांबली आणि माझा दांडा पुन्हा मुठीला टेकला. पुढच्या ब्रेकने वाचवलं. मुलगी मागे बसली होती, तिचं डोकं माझ्या पाठीवर आपटलं. "आई, काय चालवतेस!" ती म्हणाली. सोमवारी इथे ती एकटी असती, एवढंच डोक्यात होतं. आणि मग असा संताप आला की रिक्षावाल्याला शिव्या द्यायचंही राहून गेलं.

त्या दिवशी आम्हाला तिची बॅग घ्यायला उल्हासनगरला जायचंच होतं. बाजारात एका सिंधी शेठचं स्पेअर पार्टचं दुकान दिसलं. मी रुमाल सोडून तुकडे काउंटरवर ठेवले. त्याने एक उचलला, बाहेर उभ्या माझ्या गाडीकडे बघितलं आणि परत ठेवला.

"बाई, ये आपकी गाडी का है ही नहीं. मोटरसायकल का लायनर है."

त्याने माझ्या स्कूटरची नवी जोडी काढून शेजारी मांडली. आकारातच फरक होता, आंधळ्यालाही बोटांनी कळला असता.

"किसने दिया?"

"हमारे आदमी ने," मी म्हटलं. तो हसला नाही, याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे. ती नवी जोडी मी त्याच्याकडूनच घेतली आणि गाडी हळूहळू चालवत तशीच अंबरनाथला वळवली.

गॅरेजवर एक टेम्पोवाला आणि कुठल्याशा कंपनीचा वॉचमन आपापल्या गाड्यांसाठी थांबले होते. मी स्कूटर मधोमध लावली. "मागचं चाक खोला. इथेच, माझ्यासमोर."

"वहिनी, परवाच तर काम केलं."

"खोला."

"आपल्या माणसावर विश्वास नाय का?"

"होता म्हणून तर पोरीची गाडी तुमच्याकडे आणली."

मुलगी माझी ओढणी ओढत होती. "आई, सोड ना यार, सगळे बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं आणि तिथल्या टायरवर बसकण मारली. चाक खोलल्याशिवाय मी उठणार नव्हते, आणि मी उठल्याशिवाय त्याला दुसरी गाडी आत घेता येणार नव्हती.

शेवटी त्याने चाक काढलं. आत माझेच जुने लायनर होते, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेले. "गडबडीत राहून गेलं," तो पुटपुटला.

"मग हे कोणाचे दाखवलेत मला?" मी रुमालातले तुकडे वर धरले.

वॉचमन जवळ आला. त्याने एक तुकडा माझ्या हातातून घेतला आणि कडेवरून बोट फिरवलं. "ही तुटकी कड... मागच्या महिन्यात मला हेच दाखवले होते की! म्हणाला, तुझ्या गाडीतून निघाले."

मग सगळं लख्ख झालं. खिळ्यावर टांगलेली ही एकच जोडी तो येईल त्याला दाखवत होता. हात काळे करून घ्यायला कोणी तयार नसायचं, त्यावर त्याचा धंदा उभा होता. टेम्पोवाला आपला टेम्पो घेऊन निघून गेला.

नवे लायनर मी समोर उभी राहून बसवून घेतले आणि काढलेले जुनेही मागून घेतले. या वेळी तो हातांचं काही बोलला नाही.

रात्री नवरा चिडला. "गणपतीला गावी तोंड कसं दाखवायचं?"

"मी दाखवेन. लपवायचं असेल तर त्याने लपवावं."

पुढे त्या गॅरेजवर पाटी लागली, 'जुने पार्ट परत मिळणार नाहीत.' नवऱ्याला वाटलं मी हरले. मला तर ती पाटी वाचून बरंच वाटलं. गिऱ्हाइकाला सावध करायचं काम आता तो स्वतःच करत होता.

मुलगी मात्र बरेच दिवस माझ्यावर रुसून होती. सगळ्यांसमोर लाज काढलीस, म्हणायची. मीही समजूत काढायला गेले नाही.

दिवाळीच्या आधी एकदा तिची गाडी कॉलेजजवळ बंद पडली. तिथल्याच मेकॅनिककडून प्लग बदलून ती घरी आली. चप्पल न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिने मूठ उघडली. आत जुना, काजळी धरलेला प्लग होता.

"देत नव्हता," ती म्हणाली. "भांडून आणला."

तिचा हात मनगटापर्यंत काळा झाला होता. मी तो तसाच माझ्या दोन्ही हातांत घेतला.