शटरखालची फट

अंबडच्या पुढे, जिथं काल-परवापर्यंत द्राक्षांच्या बागा होत्या, तिथं आम्ही छोटासा बंगला घेतला. गॅरेजचं तोंड पश्चिमेला. इगतपुरीकडून वारा सुटला की तिथं पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, हे आम्हाला पहिल्याच आषाढात कळलं. शटर आणि फरशी यांच्यामध्ये बोटभर फट होती. तिच्यातून वारा शिट्टी घालायचा, पाणी आत शिरायचं आणि गाडीच्या चाकांपर्यंत पसरायचं.

नवरा सकाळीच कंपनीत जायचा, त्यामुळे ते पाणी माझ्या वाट्याला आलं. आधी गोणपाटं लावली. ती कुजली आणि घरभर वास सुटला. मग वाळूच्या पिशव्या लावल्या, तर त्यांच्या बाजूनं पाणी वाट काढायचं. शेवटी जाड रबराची पट्टी आणून शटरच्या तळाशी बसवली, आणि गवंड्याला सांगून दारात सिमेंटचा बुटका उंचवटा घालून घेतला. गाडी त्यावरून सहज जायची, पाणी मात्र अडून बाजूच्या गटाराकडे वळायचं.

पुढच्या जोरदार सरीला मी मुद्दाम आत उभी राहिले. भर दुपारी अंधारून आलं होतं. वारा शटरवर धडाधड आपटत होता आणि आत एक थेंब नाही! मी खुशीत नवऱ्याला फोन लावणार, तेवढ्यात वारा पडला. शटरचा आवाजही थांबला. आणि त्या शांततेत कुणीतरी लांब श्वास सोडला.

गाडीखालून.

मांजर असेल म्हणून वाकून पाहिलं. काही नव्हतं. फरशीच्या एका सांध्याजवळ हात नेला, तर तळहाताला गार हवा लागली. तिला ओल्या मातीचा वास होता. मी हात झटकन मागे घेतला.

पाऊस लागून राहिला की तो श्वास यायचाच. कधी त्यामागून खूप खोल, डुबुक असा आवाज यायचा. नवरा हसला. "अगं, तूच रबर लावलंस ना? हवा कोंडत असेल." पण रविवारी तो स्वतः आत जाऊन उभा राहिला. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. त्यानं गाडी काढून रस्त्यावर लावली.

समोरच्या मळ्यातल्या मावशींकडून आम्ही दूध घेतो. आमची जमीन पूर्वी त्यांचीच होती. दुसऱ्या दिवशी दूध घेताना मी सहज म्हटलं, "मावशी, शटरखालून येणारं पाणी बंद केलं एकदाचं. पण आता फरशीखालून आवाज येतो."

दूध ओतता ओतता त्यांचा हात थांबला.

"अजून बोलती का ती?"

"कोण?"

"आमची इहीर. तुमची गाडी उभी ऱ्हाती नं, थितंच व्हती. प्लॉट पाडले तवा वर फरशी घालून मोकळे झाले. म्या म्हनलं व्हतं, नीट बुजवा. कोन ऐकतंय?"

मी तिथूनच नवऱ्याला फोन लावला.

दोन दिवसांनी मजूर बोलावून गॅरेजची फरशी फोडली. घणाच्या घावासरशी एक तुकडा सुटून खाली गेला, आणि तो पाण्यात पडल्याचा आवाज यायला वेळ लागला. सगळे मागे सरकले. बॅटरीच्या उजेडात दगडी बांधकाम दिसलं, आणि त्याच्या तळाशी हलणारं काळं पाणी. वीतभर जाडीच्या काँक्रीटवर आमची गाडी उभी असायची. ओळखीच्या इंजिनिअरनं समजावलं, की पावसात विहिरीचं पाणी चढतं आणि आतली हवा फटींतून वर ढकलतं. पूर्वी शटरखालच्या वाऱ्याच्या शिट्टीत ते ऐकू येत नव्हतं, इतकंच. ते पटलंही.

आता गाडी बाहेरच असते; विहिरीला कठडा आणि लोखंडी जाळी आहे, गच्चीचं पाणी तिच्यात सोडलंय. काम झालं त्या दिवशी मावशी हळदकुंकू घेऊन आल्या. जाळीवर वाहिलं, वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "आले गं." मग कितीतरी वेळ तशाच वाकून राहिल्या. शेवटी ऐकून घेतल्यासारखी मान हलवली.

"काय म्हणाली?" मी चेष्टेनं विचारलं, पण विचारताना मीही जाळीकडे वाकले.

"ते तुमाला कशाला?" म्हणत त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि पावसातच रस्ता ओलांडून निघून गेल्या.