आवाज जड झाला

मी आठ वर्षांची असताना आम्ही अमेरिकेत, शॉमबर्गला राहायचो. एका रविवारी बाबांनी आम्हाला तिथल्या माळरानावर पहिली वस्ती करणाऱ्यांचं जुनं घर बघायला नेलं. ओंडक्यांच्या त्या खोलीत लांब झग्यातली गाईड उंच लाकडी पिंपात दांडा वरखाली करत होती. "शंभर वर्षांपूर्वी बायका असं लोणी काढायच्या," ती म्हणाली. बाहेर गवत डुलत होतं, आत साय डचमळत होती, आणि माझे डोळे मिटायला लागले.

"पुरे! आवाज जड झाला. लोणी आलं," आई एकदम इंग्रजीत म्हणाली. मला तिचा असा राग आला! कुठेही मध्येच बोलायची. पण गाईडनं झाकण काढलं, तर लोणी खरंच तरंगत होतं. आईनं हात धुऊन गोळा वळला, त्यातलं थोडं माझ्या तळहातावर ठेवलं, थोडं गाईडच्या.

"तुम्हाला कसं कळलं?" गाईडनं विचारलं.

"गावी माझी आई अजून रोज सकाळी असंच काढते," आई म्हणाली.

परतताना गाडीत मी आईकडे चोरून बघत होते. तोवर मला वाटायचं, ती गावाहून इथे विमानानं एका दिवसात आली; शंभर वर्षं ओलांडून आली, हे त्या दिवशी कळलं.