तुटक भोंगा

आमच्या चाळीत घड्याळं होती, पण ती भिंतीला शोभा म्हणून. खरी वेळ सांगायचा तो कंपनीचा भोंगा. सकाळी वाजला की पाळी सुरू, दुपारी वाजला की जेवणाची सुट्टी, संध्याकाळी वाजला की पुरुष घरी. अंधेरी पूर्वेला औद्योगिक वसाहतीला लागून आमची चाळ, आणि चाळीतली बहुतेक घरं कोकणातली. सासरे, दीर, शेजारी, सगळे आधी परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. गिरण्या बसल्या तशी माणसं मिळेल त्या कामाला लागली. गिरणी सुटली, पण भोंग्याची सवय काही सुटली नाही.

माझा नवरा त्या कंपनीत होता. कपड्यांच्या रंगांची रसायनं बनायची तिथे. आत एक भलंमोठं थंड करायचं यंत्र होतं आणि त्याला अमोनिया लागायचा, एवढंच मला माहीत. जास्त विचारलं की नवरा म्हणायचा, "तुला काय करायचंय?" मला काय करायचं होतं ते पुढे कळलंच.

चाळीतला रिवाज असा, की दुपारचा भोंगा वाजला की बायकांनी गरम डबा घेऊन कंपनीच्या पुढच्या फाटकावर जायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा म्हटलं, अहो, सकाळीच डबा भरून दिला तर काय बिघडतं? सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नवऱ्याला उपाशी मारायची गोष्ट केली. सासूबाईंना आम्ही सगळे आई म्हणायचो. आई तो डबा कधी माझ्या हाती देत नसत. मुलगा गरम जेवतो आहे हे रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे. मी घरी शिवणकाम करायचे, मशीनवर बसल्या बसल्या चरफडायचे.

एके दिवशी भोंगा भलत्याच वेळी वाजला. सकाळची गडबड नुकती आवरली होती, आमच्याकडे भाताला उकळीसुद्धा आली नव्हती. "अगो बाय माझे, आज येळ कसो गेलो?" असं म्हणत आईंनी कच्चा-पक्का भात डब्यात कोंबला आणि निघाल्या. अख्ख्या चाळीत तेच. कुणी स्टोव्हला शिव्या घातल्या, कुणी पोरांना. पण भोंगा चुकीचा वाजला असेल असं एकीच्याही मनात आलं नाही. भोंगा कसा चुकेल? चुकलो असू तर आपणच! पदर खोचून सगळ्या फाटकाकडे पळत सुटल्या.

भोंगा धोक्याचा होता. यंत्राची नळी फुटून अमोनिया बाहेर येत होता. आतल्या माणसांना वास आला तसे ते मागच्या फाटकाने बाहेर पडले, सगळे सुखरूप. आणि त्यांच्या आया नि बायका पुढच्या फाटकावर, वारा जिकडे वाहत होता नेमक्या तिकडे, डबे घेऊन उभ्या! डोळ्यांतून पाणी, घशात आग, तरी कुणी हलेना, कारण आतून कुणी आलं नव्हतं. मला वास आला म्हणून मी बाहेर धावले, तर आई फाटकाजवळ रस्त्यावरच बसलेल्या. श्वास घेता येत नव्हता त्यांना. रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. त्या वाचल्या, सगळ्याच वाचल्या. पण पुढे कितीतरी दिवस आई दोन वाक्यं बोलल्या की खोकायच्या, आणि तो खोकला ऐकला की माझं डोकं फिरायचं.

थोड्याच काळापूर्वी दुसऱ्या एका शहरात वायू सुटून माणसं झोपेतच गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या होत्या. वाचून हळहळलो आणि पेपर घडी करून ठेवला. आपल्याकडे असंच. डोंगराच्या कुशीत झोपडं बांधायचं, नाल्याच्या काठाला संसार मांडायचा, कारखान्याच्या भिंतीला भिंत लावायची, आणि म्हणायचं, बघू. जाणार कुठे, तेही खरंच. पोट जिथे, तिथेच घर. पण इथेच राहायचं तर मरायचं कशाला, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला तो आईंच्या खोकल्यामुळे.

कंपनीच्या मागच्या अंगाला बौद्ध वस्ती होती. तिथे माझी एक मैत्रीण राहायची, म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नर्स. मी तिच्याकडे जाऊन तोंड सोडलं. तिने शांतपणे चहा दिला आणि म्हणाली, "इथे भांडून काय मिळणार गं? चल, कंपनीत जाऊन भांड." दोघी गेलो. कामगारांच्या युनियनचे दोघे बरोबर आले.

कंपनीचा साहेब वाईट नव्हता. पण म्हणाला, "बाई, आम्ही भोंगा वाजवला होता ना!"

"अहो, तुमच्या भोंग्यावर आम्ही डाळीला फोडणी घालतो!" मी म्हटलं. "त्यावर पळायचं हे आम्हाला कुणी सांगितलं?"

साहेबाला हे खरंच ठाऊक नव्हतं. युनियनवाले हसले, मग तोही हसला. बऱ्याच फेऱ्या घातल्या, वाद झाले, पण शेवटी ठरलं. धोका असेल तर भोंगा सलग वाजवायचा नाही, तुकड्या-तुकड्याने वाजवायचा. तुटक भोंगा ऐकला की नाकाला ओला कपडा लावायचा आणि मागच्या बाजूच्या बुद्धविहाराच्या पटांगणात जमायचं. दिवसा वारा बहुधा समुद्राकडून, म्हणजे विहाराकडून कंपनीकडे यायचा, त्यामुळे विहाराकडे वायू येण्याची भीती कमी, असं मैत्रिणीने समजावलं. चाळीत काहींनी नाकं मुरडली. आपलं मारुतीचं देऊळ असताना विहारात कशाला? मी म्हटलं, देऊळ पुढच्या फाटकासमोर आहे, जा खुशाल, मारुतीलाही ओला रुमाल न्या.

अडल्या त्या आई. "माझो झील थंय आत आसताना मी उलटी पळान जाव? तुका खूळ लागला काय गो?"

मी समजावलं, चिडले, हात जोडले. त्यांचं एकच. आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. पोटचा मुलगा जिकडे, तिकडे आई धावणारच. त्या पुन्हा फाटकावर गेल्या तर त्यांची छाती दुसऱ्यांदा ते सोसणारी नव्हती, हे डॉक्टरांनी मला बजावलं होतं. माझी झोप उडाली त्या धास्तीने.

मैत्रीण म्हणाली, "मग मुलालाच तिथे आणू ना." युनियनने नियम केला. तुटक भोंगा वाजला की कामगाराने मागच्या फाटकाने निघून थेट विहाराच्या पटांगणात यायचं, आपल्या माणसांना तोंड दाखवायचं, मगच कुठे जायचं ते जायचं. आईंनी ऐकलं, विचार केला आणि विचारलं, "सगळे थंय येतले? नक्की?" मी म्हटलं, नक्की.

सरावाच्या दिवशी नुसती जत्रा. एक काकू शिट्टी व्हायची राहिली म्हणून कुकरसकट आल्या. पोरांनी ओले टॉवेल डोक्याला गुंडाळले. विहारातल्या बायकांनी सगळ्यांना सरबत दिलं आणि नाक मुरडणाऱ्यांनी दोन-दोन पेले प्यायले. नवरा आला तेव्हा आईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मग त्या खाली बसल्या. त्यानंतर अधूनमधून सराव होतच राहिला. पुढे पुढे चाळीतल्या पोरांचा तो खेळच झाला. मला वाटतं, शहाणपण आपल्याकडे असंच येतं. हसत, कुरकुरत, सरबत पीत, पण येतं.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका दुपारी भोंगा खरोखरच तुटक वाजला. कुणी स्टोव्हकडे बघितलं नाही. मी बादलीत पदर बुडवला, आईंचा बुडवला, आणि आम्ही निघालो. अख्खी चाळ निघाली, म्हातारी माणसं खांद्यावर, पोरं कडेवर. पुढच्या फाटकाकडे एकही बाई गेली नाही. पटांगणात पोचलो तर वस्तीतल्या बायका पाण्याचे हंडे भरून उभ्या होत्या. मागच्या फाटकाने माणसं येऊ लागली. हाका, रडणं, मिठ्या. एकेक घर पुरं होत गेलं.

माझा नवरा आला नाही.

आणखी माणसं आली. त्यांतही नाही. मग येणारी माणसं थांबली. कुणीतरी म्हणालं, नळीजवळ होता तो. पुढचं मला ऐकू आलं नाही. नियम, वारा, सराव, माझी सगळी भांडणं, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. मी सरळ कंपनीकडे पळत सुटले.

मागून मनगटावर पकड बसली. आई. "खंय चललंस?"

"सोडा, आई! तो आत आहे!"

"माका म्हायत आसा तो खंय आसा ता." आवाज फुटत होता त्यांचा, खोकला आला, पण पकड ढिली झाली नाही. "तू सांगितलंस ना, सगळे हंय येतले? मगे हंय ऱ्हव."

मी ओढाताण केली. त्यांना नको ते बोलले. त्या हलल्या नाहीत. फाटकाकडे बघत, ओठ घट्ट मिटून नुसत्या उभ्या राहिल्या.

तो आला. डोळे मिटलेल्या एका कामगाराला हाताला धरून, पाऊल पाऊल चालवत आणत होता, म्हणून उशीर झाला होता. नर्स मैत्रीण हंडा घेऊन दोघांकडे धावली आणि त्यांचे डोळे धुऊ लागली. नवऱ्याने ओल्या तोंडाने वर बघितलं, आम्हाला शोधलं.

"इलस मां?" आई एवढंच म्हणाल्या.

मग माझ्या लक्षात आलं की माझं मनगट अजून त्यांच्या हातात आहे. मी ते सोडवून घेतलं नाही.